राष्ट्रपतिपदाचं ‘चर्चेतलं नाव’: ते कुठून येतं आणि कुठं गळतं

फुलंब्रीच्या अलीकडं रस्त्याकडेला एक हॉटेल आहे. तिथं चहा पिताना शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानावर पडलं. एक काका मोठ्या खात्रीनं सांगत होते, “प्रतिभाताई राष्ट्रपती व्हायच्या आधी राज्यपाल कुठं होत्या? राजस्थानात. आपल्या नानांना २०२४ ला राज्यपाल करून कुठं पाठवलं? राजस्थानातच. मग आता अजून काय सांगायचं राहिलं?”

नाना म्हणजे फुलंब्रीचे माजी आमदार हरिभाऊ बागडे. तिघांनी माना डोलावल्या. मला हसू आलं, पण घरी येऊन टीव्ही लावला तर तिथले जाणकार जवळपास हेच करायलेत असं दिसलं. अमुक नेता मागच्या आठवड्यात दिल्लीत कुणाला भेटला, तमुक समाजाला ‘संदेश’ द्यायचाय, दक्षिणेची पाळी आहे वगैरे. फरक इतकाच की ते कोट घालून बोलतात.

द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली. मुदत पाच वर्षांची आणि ती संपायच्या आत नवी निवडणूक पूर्ण व्हायला हवी, असं राज्यघटना सांगते. म्हणजे २०२७ च्या जुलैमध्ये पुढचा राष्ट्रपती निवडलेला असणार. त्यामुळं नावांचा बाजार तोवर गरम राहणार. त्या बाजारात भाव कसा लागतो, तेवढं समजून घेऊ.

मत कुणाचं आणि केवढ्या वजनाचं?

राष्ट्रपतीला तुम्ही-आम्ही निवडत नाही. लोकसभेचे आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि सगळ्या विधानसभांचे आमदार मिळून निवडतात. या मतदारांच्या गटाला निर्वाचक मंडळ म्हणतात. २०२२ मध्ये त्यात ४,८०९ जण होते. राज्यसभेतले राष्ट्रपतिनियुक्त बारा सदस्य त्यात नसतात आणि विधान परिषदेचे आमदारही नसतात. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, त्यानंतर महिन्याभरातच, १८ जुलैला राष्ट्रपतिपदाचं मतदान झालं. कुणाला पाठिंबा द्यायचा हे उद्धव ठाकरे जाहीर करू शकत होते, पण ते परिषदेचे सदस्य असल्यामुळं स्वतःचं मत टाकू शकत नव्हते.

आता वजन. मोंढ्यात जसा कट्टा मोजून नाही तर वजन करून माल घेतात, तसं इथं डोकी मोजत नाहीत, मताचं वजन मोजतात. त्याला मतमूल्य म्हणतात. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला आमदारांच्या संख्येनं भागायचं, पुन्हा हजारानं भागायचं. महाराष्ट्राच्या आमदाराचं वजन येतं १७५, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, सिक्कीमच्या आमदाराचं ७. मग देशातल्या सगळ्या आमदारांच्या वजनाची बेरीज खासदारांच्या संख्येनं भागायची, म्हणजे दोन्ही बाजूंचं पारडं सारखं होतं. २०२२ मध्ये एका खासदाराचं वजन आलं ७००. आपल्याकडं हिशेब सोपा झाला: एक खासदार म्हणजे बरोबर चार आमदार. पुढच्या वेळी हा आकडा थोडा हलेल, कारण २०२२ ला जम्मू-काश्मीरला विधानसभा नव्हती, आता आहे. २०१७ ला तो ७०८ होता.

मराठवाड्याचं वजन किती भरतं? आठ जिल्ह्यांत ४६ आमदार, म्हणजे ८,०५०. आठ खासदार, म्हणजे ५,६००. एकूण १३,६५०. सगळ्या देशाचं वजन होतं १०,८६,४३१. शंभरात सव्वा. आमचा मराठवाडा कुणाला राष्ट्रपती करू शकत नाही, हे इथंच कळलं.

एक गंमत आहे. हे सगळं गणित आजच्या लोकसंख्येवर नाही, १९७१ च्या जनगणनेवर चालतं. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना शिक्षा नको म्हणून आकडा तिथंच थांबवला. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तो तसाच राहील. म्हणजे आपल्या आमदाराचं वजन ठरलं तेव्हा आजच्या बऱ्याच आमदारांचा जन्मही झाला नव्हता.

नाव जूनच्या आधी का कळत नाही?

मागच्या पाच निवडणुकांमधल्या विजयी उमेदवारांची नावं कधी जाहीर झाली ते बघा. अब्दुल कलाम, १० जून २००२. प्रतिभाताई पाटील, १४ जून २००७. प्रणब मुखर्जी, १५ जून २०१२. रामनाथ कोविंद, १९ जून २०१७. द्रौपदी मुर्मू, २१ जून २०२२. पाचही वेळा अकरा-बारा दिवसांच्या खिडकीत. निवडणुकीची अधिसूचना जूनच्या मध्याला निघते, त्याच्या आगेमागे पत्ता उघडतो.

लवकर उघडला तर काय बिघडतं? सोयरिकीतला अनुभव आठवा. स्थळ ठरायच्या आधी भावकीत बोभाटा झाला की कुणीतरी खोडा घालायला मोकळा. इथंही तेच. नाव जितके जास्त दिवस उघड्यावर, तितके त्याला नको म्हणणारे जास्त.

मला जे सांगायचंय ते इथंच आहे. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ‘कुणाला हवा’ यापेक्षा ‘कुणाला चालणार नाही’ यावर जास्त ठरतो. चर्चेतल्या नावापुढं फार गुण लिहीत बसू नका. त्याला नकार देण्याची ताकद कुणाकडं आहे आणि तो ती वापरेल का, एवढं विचारा.

लातूरचं दार आणि २००७ चा जून

या नियमाचा सगळ्यात जवळचा दाखला आपल्याच भागातला आहे. शिवराज पाटील चाकूरकर. लातूरमधून १९८० पासून सलग सात वेळा लोकसभेत, १९९१ ते ९६ लोकसभेचे अध्यक्ष. २००४ ला मात्र लातूरकरांनी रूपाताई पाटील निलंगेकरांना निवडून दिलं आणि चाकूरकर हरले. तरीही ते देशाचे गृहमंत्री झाले, राज्यसभेवर नंतर गेले. हरलेल्या माणसाला गृहखातं देतात म्हणजे दिल्लीत विश्वास केवढा असेल, याची चर्चा तेव्हा लातूरच्या गंजगोलाईत रोजची होती.

२००७ चा जून आला. काँग्रेस नेतृत्वाच्या मनात चाकूरकर आहेत, अशा बातम्या रोज छापून येऊ लागल्या. कागदावर सगळं जुळत होतं: संसदेचा अनुभव, शांत स्वभाव, नियमांवर पकड, आणि स्वतःचा मोठा गट नाही. राष्ट्रपतिपदासाठी स्वतःचा गट नसणं ही अडचण नसते, उलट पात्रता असते.

पण सरकार डाव्या पक्षांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभं होतं. लोकसभेत त्यांचे साठच्या आसपास खासदार होते, शिवाय पश्चिम बंगाल आणि केरळच्या विधानसभांत त्यांचं बळ होतं. त्यांनी चाकूरकरांच्या नावाला होकार दिला नाही. सुशीलकुमार शिंदे, करण सिंग ही नावंही चर्चेत येऊन गेली. शेवटी १४ जूनला जे नाव बाहेर आलं, ते वर्तमानपत्रांच्या यादीत वरच्या ओळींमध्ये नव्हतंच: जळगावच्या प्रतिभाताई, तेव्हा राजस्थानच्या राज्यपाल. त्यांना नको म्हणायला कुणाकडं सबळ कारण नव्हतं. पहिल्या महिला राष्ट्रपतीला विरोध कोण करणार?

गंमत पुढंच आहे. समोर भाजपच्या बाजूनं भैरोंसिंह शेखावत उभे होते आणि शिवसेना तेव्हा भाजपसोबत होती. तरीही बाळासाहेब ठाकरेंनी मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना मतं दिली. त्यांना ६,३८,११६ मतमूल्य मिळालं, शेखावतांना ३,३१,३०६.

आता हॉटेलातल्या काकांचा तर्क पुन्हा बघा. प्रतिभाताई राजस्थानच्या राज्यपाल होत्या म्हणून राष्ट्रपती झाल्या नाहीत. डाव्यांनी दुसरं नाव अडवलं म्हणून झाल्या. शेजारच्याची तूर त्याच वाणावर चांगली आली म्हणून आपली येईलच, असं नसतं. त्याच्या शेताला पाणी होतं.

ज्याच्याकडं नकार नाही, तिथं आश्चर्याचा धक्का

२००२ ला वाजपेयी सरकारला पी. सी. अलेक्झांडर हवे होते. ते आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल होते. काँग्रेसला ते चालले नाहीत. मग कलामांचं नाव आलं आणि काँग्रेसला, मुलायमसिंहांना, सगळ्यांना चाललं. नको म्हणणारे फक्त डावे उरले. त्यांनी लक्ष्मी सहगल यांना उभं केलं आणि त्या मोठ्या फरकानं हरल्या.

२०१७ आणि २०२२ चं चित्र वेगळं होतं. लोकसभेत भाजपचं एकट्याचं बहुमत होतं, मित्रपक्षांना विचारायची फारशी गरज नव्हती. ज्यांच्याशी वाटाघाटी करायच्या नसतात, त्यांना नाव आधी सांगायचीही गरज नसते. म्हणून दोन्ही वेळा टीव्हीवरच्या याद्या फसल्या. कोविंद बिहारचे राज्यपाल होते आणि बहुतेक वाचकांनी त्यांचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. २०२२ मध्ये मुर्मूंच्या नावानंतर तर उलटं झालं. पहिल्या आदिवासी महिला राष्ट्रपतीला नको कसं म्हणायचं, हा प्रश्न विरोधकांपुढं पडला. ओडिशाच्या बिजू जनता दलानं आणि आंध्रच्या वायएसआर काँग्रेसनं पाठिंबा दिला, उद्धव ठाकरेंनीही दिला.

विरोधी बाजूचा उमेदवार कसा ठरतो, यावर फार शाई खर्चण्यात अर्थ नाही. हरण्याची शक्यता मोठी असते, म्हणून मोठे नेते हात जोडतात. २०२२ ला शरद पवार, फारूक अब्दुल्ला आणि गोपाळकृष्ण गांधी तिघांनी नकार दिला, मग यशवंत सिन्हा उभे राहिले.

पसंतीक्रमाचं मत म्हणजे काय?

हे समजायला छत्रपती संभाजीनगर विभागाच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात कधी मत दिलं असेल तर पुरेसं आहे. केंद्रावर जांभळं स्केचपेन देतात, फुली नाही मारायची, नावापुढं १, २, ३ असे आकडे लिहायचे. राष्ट्रपतिपदालाही तसंच. अकरावीच्या किंवा इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरलेल्या पोरांना आणखी लवकर कळेल: पहिली पसंती नाही लागली तर दुसरी बघतात. जिंकायला वैध मतमूल्याच्या निम्म्याहून एक जास्त हवं. पहिल्या पसंतीत कुणालाच तेवढं मिळालं नाही, तर तळाच्या उमेदवाराला बाद करतात आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती वर वाटतात.

बहुतेक वेळा एकदाच मोजून काम होतं. १९६९ ला तसं झालं नाही, आणि त्या निवडणुकीत एक मराठी माणूस मध्ये होता.

काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक त्या जुलैत बेंगळुरूला झाली. इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध नीलम संजीव रेड्डींचं नाव बहुमतानं ठरलं, आणि ठरवणाऱ्या चौघांत यशवंतराव चव्हाणही होते. काळजीवाहू राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. इंदिराजींनी ‘विवेकाला स्मरून’ मत द्या म्हटलं. तिसरे मोठे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडलेले. त्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. जिंकायला हवे होते ४,१८,१६९. दुसऱ्या पसंतीची मतं मोजली तेव्हा देशमुखांची बरीचशी मतं रेड्डींकडं वळली, फरक पार आवळला, पण गिरी ४,२०,०७७ वर पोचले. रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. पंतप्रधानांच्याच पक्षाचा अधिकृत उमेदवार पडला आणि काही महिन्यांत काँग्रेस दुभंगली. रेड्डी १९७७ ला राष्ट्रपती झाले, आणि तेही बिनविरोध. त्या वर्षी ३७ अर्ज आले होते, ३६ बाद झाले.

आता एवढे अर्ज येत नाहीत असं नाही, पण टिकत नाहीत. ५० मतदार सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, शिवाय १५,००० रुपये अनामत.

“पण पक्षानं सांगितलं की आमदार ऐकणारच ना?”

सांगू शकतो, सक्ती करू शकत नाही. या निवडणुकीत पक्षादेश, म्हणजे आपण ज्याला व्हिप म्हणतो तो, चालत नाही. मतदान गुप्त असतं आणि दुसरीकडं मत दिलं म्हणून पक्षांतरबंदी कायद्यानं आमदारकी जात नाही. ग्रामपंचायतीचे सदस्य सहलीला नेऊन ठेवणाऱ्या आपल्या मंडळींना हे ऐकून आश्चर्य वाटेल. म्हणून २०२२ मध्ये मुर्मूंना विरोधी पक्षांच्या आमदार-खासदारांचीही मतं पडली आणि कुणाचं सदस्यत्व गेलं नाही.

मतपेटीची काळजी मात्र जावयासारखी घेतात. २०२२ मध्ये राज्यांतून दिल्लीला जाणाऱ्या पेट्यांसाठी विमानात माणसासारखं स्वतंत्र तिकीट काढलं होतं.

“उपराष्ट्रपतीच पुढं राष्ट्रपती होतात की!”

व्हायचे. राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, वेंकटरमण, शंकरदयाळ शर्मा, नारायणन: सहा जण. पण १९९७ मधल्या नारायणन यांच्यानंतर एकही नाही. शेखावत उभे राहून पडले. सी. पी. राधाकृष्णन सप्टेंबर २०२५ मध्ये उपराष्ट्रपती झाले, त्याआधी ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते, म्हणून त्यांचं नाव यादीत येणं स्वाभाविक आहे. पण पंचवीस-तीस वर्षांत ही वाट कुणाला पोचवू शकलेली नाही. त्या मानानं राजभवनाची वाट चालती आहे: प्रतिभाताई, कोविंद, मुर्मू. काकांच्या बाजूनं एवढं एक म्हणता येईल.

“अमेरिकेसारखं लोकांनाच का ठरवू देत नाहीत?”

तिथं पक्षाचा उमेदवार कोण, हेही राज्याराज्यांतले मतदार आधी ठरवतात. त्याला प्रायमरी म्हणतात. म्हणून तिथली नावांची चर्चा दोन दोन वर्षं उघड्यावर चालते, इच्छुक स्वतःच मैदानात उतरून पैसा आणि माणसं जमवतात. आपल्याकडं ‘मला राष्ट्रपती व्हायचंय’ म्हणणाऱ्याचं नाव पहिलं गळतं.

घटना समितीत के. टी. शहांनी राष्ट्रपती थेट जनतेनं निवडावा अशी दुरुस्ती मांडली होती, ती मान्य झाली नाही. कारण साधं होतं: सरकार पंतप्रधान चालवणार, मग देशभर मतं मागून निवडून आलेला राष्ट्रपती नुसता सही करत का बसेल? हे शहा १९५२ ला राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभेही राहिले. त्या पहिल्या निवडणुकीत आपल्या मराठवाड्याच्या आमदारांनी हैदराबाद राज्याचे आमदार म्हणून मत दिलं.

“रबरी शिक्का तर आहे, कुणी का होईना”

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि बराचसा खराही आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतो. पण शिक्का कधी उठतो, याला महत्त्व असतं, आणि ते महाराष्ट्राइतकं कुणाला कळणार? २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राज्यातली राष्ट्रपती राजवट उठली. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नव्हती, नियमातल्या अपवादाचा आधार घेतला. राज्य झोपेत होतं. दुसऱ्या बाजूनं, लोकसभा त्रिशंकू झाली तर आधी कुणाला बोलवायचं, हा निर्णय बराचसा राष्ट्रपतीचा स्वतःचा असतो.

मराठवाड्याचा तर या सहीशी थेट संबंध आहे. राज्यघटनेच्या ३७१ (२) या कलमाखाली राष्ट्रपतींच्या आदेशानं १९९४ ला मराठवाड्याचं वैधानिक विकास मंडळ झालं. अनुशेष, म्हणजे इतरांच्या तुलनेत आपल्याकडं राहून गेलेलं काम, मोजायचं आणि निधीचं वाटप न्याय्य व्हावं म्हणून. ३० एप्रिल २०२० ला मंडळाची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ते पुन्हा आणायचं ठरवलं. कोणताही राष्ट्रपती केंद्राच्या सल्ल्याशिवाय असा आदेश काढणार नाही, हे मान्य. तरी राष्ट्रपती कोण, हा प्रश्न इथं अगदीच परका नाही.

मग २०२७ ला काय बघायचं?

लोकसभेत भाजपचे २०२४ ला २४० खासदार आले, बहुमताला लागणारे २७२ नाही. म्हणजे नकाराची ताकद पुन्हा काही मित्रपक्षांच्या हातात आली आहे. २०१७ सारखं अगदी अनोळखी नाव काढणं पूर्वीइतकं सोपं नाही, आणि २००७ सारखं ठरत आलेलं नाव अडणं पूर्वीइतकं अवघड नाही. दुसरं म्हणजे उत्तर प्रदेश. तिथल्या ४०३ आमदारांचं वजन ८३,८२४, मराठवाड्याच्या आमदारांच्या दसपट. तिथल्या विधानसभेची मुदत २०२७ च्या वसंतात संपते, म्हणजे राष्ट्रपतिपदाच्या अगदी तोंडावर. तिथला निकाल लागायच्या आधी छातीठोकपणे नाव सांगणारा माणूस अंदाज नाही, जुगार खेळतोय.

आणि नाना? २०२७ ला त्यांचं वय ऐंशीच्या पुढं असेल, आणि आजवर शपथ घेताना एकही राष्ट्रपती ऐंशीचा नव्हता. हे मी पुढच्या खेपेला त्याच हॉटेलात काकांना सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि विचारलं, “बरं, नाव कधी कळंल म्हणता?”

“जूनचा दुसरा-तिसरा आठवडा.”

“म्हणजे मृगात. पेरणी चालू असंल हो तवा. टीव्ही बघायला कोण असतंय घरी?”